रुपालीवहिनीचं पांढरं कार्ड

सिंदेवाही
रविवार, ११ फेब्रुवारी २००७

प्रिय मिथुनभाऊस,

प्रवीणचा नमस्कार. दिवाळीनंतर तुझी भेट नाही. चंद्रपूरच्या खोलीचा पत्ता आत्याकडून घेतला. तिची तब्येत ठीक आहे. गुडघा दुखतो म्हणते, पण तळ्यावर जाणं सोडलेलं नाही. परवा गेलो तेव्हा तुमच्या अंगणात झिंगे वाळत घातले होते आणि कावळे हाकलत बसली होती. तुमच्या बांध्यांतली लाखोळी यंदा चांगली आहे, आठवडाभरात उपटायला येईल. माझ्या बाबांचा दमा थंडीत वाढला होता, आता उतार आहे. आई रोज तुझी आठवण काढते. तिकडे हवेत राख फार, तोंडाला दुपट्टा बांधूनच कामावर जाजो, असं तिनं लिहायला सांगितलं आहे.

एवढं लिहून मी उठलो आणि दोनदा चहा करून प्यायलो. पुढचं काय लिहायचं ते माहीत आहे, म्हणूनच हात चालत नाही.

संस्थेतलं माझं काम सुटलं. गेल्या सोमवारपासून घरीच आहे. ते का सुटलं हे तुला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळायला हवं, आणि त्यासाठी आमच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरची हकिगत सुरुवातीपासून सांगायला हवी. लांबण लागेल. तरी नीट वाच, मधलं काही सोडू नको.

२००३ सालच्या जानेवारीत त्या कॉम्प्युटरवर नवी सिस्टीम टाकली. जुनी बरी चालली होती. पण सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या तपासणीची कार्डं छापायला देणगीत जो रंगीत प्रिंटर मिळाला, तो जुन्या सिस्टीमवर चालेना. डॉक्टरबाई म्हणाल्या, बोलाव कोणाला तरी. चंद्रपूरहून सुरेंद्र नावाचा दुरुस्तीवाला आला. त्यानं आमची सगळी माहिती सहा फ्लॉप्यांवर उतरवून घेतली, मशीन धुऊन काढल्यासारखं साफ केलं, नवी सिस्टीम टाकली, प्रिंटरवर एक पान छापून दाखवलं आणि साडेचारच्या एसटीनं निघून गेला.

पाच वाजता पडदा निळा झाला. त्यावर पांढऱ्या अक्षरांत इंग्रजी मजकूर आणि खाली लांबच लांब आकडे. मी वाचेपर्यंत मशीन आपोआप बंद पडून पुन्हा सुरू झालं. वीस मिनिटांनी परत तेच. दुसऱ्या दिवशी सकाळी चार वेळा, दुपारी सहा वेळा.

मी ते आकडे कागदावर उतरवून घ्यायचो आणि एसटीडी बूथवर जाऊन सुरेंद्रला वाचून दाखवायचो. तो म्हणाला, प्रिंटरचा ड्रायव्हर काढून परत टाक. टाकला. मग म्हणाला, पडद्याचा ड्रायव्हर जुना असेल. तोही बदलला. मग व्हायरस शोधून झाला. मग तापत असेल म्हणून डब्याचं झाकण काढून समोर टेबल फॅन लावला. वीज वर-खाली होते म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी आणि मीठ टाकलं. सेफ मोडमध्ये, म्हणजे निम्म्या गोष्टी बंद ठेवून चालवलं की मशीन तास-दीड तास टिकायचं, पण मग प्रिंटर चालायचा नाही. दोनदा सगळं पुसून सिस्टीम नव्यानं टाकली. निळा पडदा काही जाईना, आणि आकडे प्रत्येक वेळी वेगळे. सुरेंद्र म्हणाला, आकडे एकसारखे आले असते तर दोष सापडला असता, असे बदलते आकडे म्हणजे काय ते त्यालाच समजत नाही. त्यानंतर तो फोनवर येईनासा झाला.

त्यात सहापैकी दोन फ्लॉप्या उघडेनात. चार गावांच्या तपासणीची यादी त्यांच्यावर होती. त्यांतलं एक गाव तळोधीकडचं, उमाजीमामाचं. रुपालीवहिनीचं माहेर.

माहिती तशी हरवली नव्हती. रक्त तपासणाऱ्या बाईंच्या हातची रजिस्टरं होती, त्यांत गाववार नावं आणि प्रत्येक नावापुढे निकाल. एए म्हणजे नॉर्मल, त्याला पांढरं कार्ड. एएस म्हणजे वाहक, त्याला पिवळं. एसएस म्हणजे आजारी, त्याला लाल. तुला हे पाठ आहे, तुझं पिवळं कार्ड मीच छापलं होतं. पण सगळं नीट यावं म्हणून लिहितो. कार्यक्रम दोन मार्चला ठरला होता. नागपूरहून पाहुणे येणार होते, अकराशे सेहेचाळीस कार्डं वाटायची होती आणि चार गावं पुन्हा टाइप करायची होती, दर पंधरा-वीस मिनिटांनी मरणाऱ्या मशीनवर.

दोन मार्चला कार्डं वाटली. हार-तुरे झाले. नंतर आठवड्याभरानं मला दोष सापडला, तोही चुकून. झाकण उघडंच होतं. आत मेमरीच्या दोन पट्ट्या होत्या, त्यांतली एक मी साफ करायला काढली आणि परत लावायची राहिली. मशीन तसंच सुरू केलं. दिवसभर बंद पडलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ती पट्टीच खराब होती. जुन्या सिस्टीमला फार मेमरी लागत नव्हती, त्यामुळे बहुतेक तिचं खराब भागाशी काम पडत नव्हतं. नव्या सिस्टीमला सगळी लागायची, आणि त्या भागात गेली की ती कोसळायची. नवी सिस्टीम चांगली होती, ड्रायव्हर चांगले होते. बोटभर लांबीची एक पट्टी.

त्यावरून माझं फार नाव झालं. पंचायत समितीतून मला बोलावणं येऊ लागलं. चंद्रपूरच्या माणसाला जमलं नाही ते प्रवीणनं केलं, असं डॉक्टरबाई पाहुण्यांना सांगायच्या. तूही सांगायचास. मी ते ऐकून घ्यायचो.

आता पत्र ठेवतो. पुढचं उद्या लिहीन.

मंगळवार, १३ तारीख

काल लिहिलं नाही. वर जे लिहिलं ते आज परत वाचलं. त्यात खोटं काही नाही, पण सगळं मशीनबद्दलच लिहिलं आहे. चार वर्षं मी स्वतःलाही एवढंच सांगत आलो.

उमाजीमामाच्या गावातल्या एक्केचाळीस लोकांची तपासणी झाली होती. मराठी अक्षरं टाइप करायला वेळ लागायचा, म्हणून मी आधी सगळी नावं खाली खाली टाइप करून घेतली आणि मग शेजारच्या खान्यांत नुसते निकाल भरू लागलो. ते इंग्रजीत असल्यानं भराभर व्हायचे. रजिस्टरवर लाकडी पट्टी ठेवायची, एक निकाल टाइप केला की पट्टी एक ओळ खाली. दर चार-पाच ओळींनी सेव्ह करायचं. चौदावा निकाल टाइप केला, पट्टी पंधराव्या ओळीवर सरकवली आणि पडदा निळा झाला. मशीन परत सुरू झालं तेव्हा फाइलमध्ये तेरापर्यंतचेच निकाल होते. मी तिकडे पाहिलं नाही. पट्टी जिथं होती तिथून पुढं वाचत सुटलो. चौदाव्या माणसासमोर पंधराव्याचा निकाल गेला, पंधराव्यासमोर सोळाव्याचा, आणि असं शेवटपर्यंत.

भाऊ, ही चूक होती. अशी चूक कोणाकडूनही होते. ती मला माहीत नव्हती असं असतं तर मी आज हे पत्र वेगळ्या तोंडानं लिहिलं असतं.

शेवटच्या नावासमोरचा खाना रिकामा राहिला. रजिस्टरमधले निकाल संपले आणि पडद्यावर एक नाव उरलं, आशाबाई. पन्नाशीच्या पुढची विधवा. एक निकाल कमी पडला म्हणजे वर कुठंतरी एक सुटला, हे मला त्याच क्षणी समजलं. न समजण्यासारखं त्यात काही नव्हतं. वरून एक्केचाळीस ओळी ताडून पाहायला अर्धा तास लागला असता. त्या दिवशी मशीन आठ वेळा पडलं होतं, दोन गावं अजून बाकी होती, मानेपासून कंबरेपर्यंत अंग भरून आलं होतं. मी मनात म्हटलं, आशाबाईला काही आता पोरंबाळं व्हायची नाहीत, तिचं लग्न जमवायचं नाही. मी त्या खान्यात एए लिहिलं आणि पुढच्या गावाचं रजिस्टर उघडलं.

नंतर पाहू, असंही म्हटलं होतं. नंतर कार्डं छापून झाली, मशीन सुधारलं, माझं नाव झालं. पाहिलं नाही.

तू ऑफिसात आलास तो दिवस मला लख्ख आठवतो. २००४ चा फेब्रुवारी. तुझी आणि वहिनीची बोलणी चालली होती. पिवळ्यानं पिवळ्याशी लग्न करू नये, लेकरू लाल निघू शकतं, हे तू कार्यक्रमात ऐकलं होतंस आणि मनावर घेतलं होतंस. आपल्या अख्ख्या गावात हे मनावर घेणारा तू एकटा होतास. मुलीचं कार्ड पांढरं आहे, उमाजीमामानं दाखवलं आहे, तरी एकदा तू तुझ्या मशीनमध्ये पाहा, असं म्हणालास. मी यादी काढली. गावाचं नाव पडद्यावर आलं तेव्हा तो रिकामा खाना मला आठवला. आठवला, भाऊ. हे मी तुझ्यापासून आता लपवत नाही. रजिस्टर माझ्या पाठीमागच्या कपाटात होतं. उठून दोन पावलं. पण उठलो असतो तर तू विचारलं असतंस, मशीनमध्ये आहे तर कागद काऊन पाहून राह्यला? मी पडदा तुझ्याकडे फिरवला आणि म्हटलं, एए आहे, पांढरंच.

तू हसून म्हणालास, "तू सांगून राह्यला, मंग झालं."

त्या लग्नात मी वरातीत नाचलो.

दिव्यानी झाली तेव्हा सगळं चांगलं होतं. ती आठ महिन्यांची असताना तिच्या हातापायांचे पंजे सुजले, ताप चढला, कोणी हात लावला की किंचाळायची. तिला घेऊन तुम्ही किती दवाखाने फिरलात ते मला तुझ्यापेक्षा जास्त माहीत नाही. पण सूज आली हे आत्याकडून ऐकलं त्याच दिवशी मला ते समजलं होतं. दवाखान्याचा कागद मिळायच्या दोन आठवडे आधी. पोरीचं रक्त एसएस निघालं. मग तुम्हा दोघांचं रक्त तपासलं आणि वहिनीचं एएस आलं. तिच्या हातात आमचं पांढरं कार्ड होतं.

पुढचं तू पाहिलंस, पण मी कुठून पाहिलं ते तुला माहीत नाही. गेल्या जुलैत समाजाची बैठक बसली तेव्हा मी पारावर तुझ्या डाव्या बाजूला, तीन माणसं सोडून बसलो होतो. आत्या सगळ्यांसमोर, सुनेच्या तोंडावर म्हणाली की उमाजीनं पोरगी खपवायला कोणाला तरी पैसे चारून कार्ड बनवून घेतलं. उमाजीमामा जागेवरून उभा राहिला. वहिनी पोरीला खांद्यावर टाकून खालच्या पायरीवर उभी होती. तिनं एवढंच म्हटलं की कार्ड संस्थेनं दिलं, आमी मांगायले गेलो नाई. कोणीतरी माझ्याकडे पाहून विचारलं, प्रवीण, तुझ्या मशीनमध्ये काय आहे? मी उत्तर दिलं. मशीनमध्ये एए आहे, म्हणालो. ते खरंच होतं. लोकांनी त्याचा अर्थ असा घेतला की मशीनच्या आधीच, रक्त घेतानाच काहीतरी लबाडी झाली, दुसऱ्याच पोरीचं रक्त दिलं. मी तो अर्थ तसाच राहू दिला. तू मान खाली घालून बसला होतास. त्या संध्याकाळी उमाजीमामा लेकीला आणि नातीला घेऊन गेला.

बैठकीनंतर डॉक्टरबाईंनी मला रजिस्टर आणायला सांगितलं. त्यांना ताडून पाहायचं होतं. मी म्हटलं, त्या गावाचं रजिस्टर वाळवीनं खाल्लं, फेकून द्यावं लागलं. ते मी घरी आणून धान्याच्या कणगीमागे ठेवलं होतं. जाळायचा विचार केला होता, पण जाळलं नाही. का, ते विचारू नको. त्यात माझा चांगुलपणा नव्हता, भीतीच होती. जाळताना कोणी पाहिलं तर, अशी.

सहा महिने मी तसाच कामावर जात होतो. मशीन उत्तम चालत होतं.

वहिनी दर महिन्याला दिव्यानीला घेऊन आमच्या दवाखान्यात येते, फॉलिक ॲसिडच्या गोळ्या न्यायला. मी आतल्या खोलीत असायचो, बाहेर यायचो नाही. या जानेवारीत ती आली तेव्हा दार उघडं होतं. ती सरळ आत आली. पोरगी नुकतीच दवाखान्यातून सुटलेली. नऊ दिवस ती चंद्रपूरला सरकारी दवाखान्यात होती, भाऊ. न्यूमोनिया झाला होता, रक्त फार उतरलं होतं, दोन पिशव्या चढवल्या. तुझ्या खोलीपासून रिक्षानं जेवढं अंतर असेल तेवढ्यावर. वहिनीनं तुला निरोप दिला नाही. उमाजीमामानं विचारलं, तरी नाही म्हणाली.

मी तिला खुर्ची दिली. ती बसली नाही. उमाजीमामाला तळ्याच्या सोसायटीतले लोक डोंग्यावर घेत नाहीत, तो एकटाच काठावरून जाळं टाकतो, असं तिनं सांगितलं. तक्रार म्हणून नाही, नुसतं सांगितलं. मग पडद्याकडे पाहत विचारलं, "भाऊजी, मशीन चुकते का जी?"

मी म्हटलं, "मशीन चुकत नाई, वहिनी."

तिनं मान हलवली, पोरीचं टोपरं नीट केलं आणि गेली. मी तिच्या तोंडावर, दुसऱ्यांदा, तिला आणि तिच्या बापाला खोटं ठरवलं होतं. या वेळी बैठक नव्हती, विचारणारं दुसरं कोणी नव्हतं, घाई नव्हती. तरीही.

दुसऱ्या दिवशी मी रजिस्टर काढलं आणि डॉक्टरबाईंच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पान पाहिलं, उलटून मागची बाजू पाहिली. वाळवीचं एक भोक नव्हतं. मग पडद्यावरची यादी आणि कागद आम्ही दोघांनी ओळीओळीनं ताडला. चौदाव्या नावापासून खाली अठ्ठावीस माणसं एक घर सरकलेली होती. त्यांत बहुतेक लागोपाठ एए असल्यानं एकोणीस जणांचं काही बिघडलं नाही. नऊ जणांचं बिघडलं. पाच वाहकांना पांढरी कार्डं गेली, त्यांत एक वहिनी. चार नॉर्मल लोकांना पिवळी गेली. आशाबाईचं तेवढं बरोबर निघालं, ती खरंच नॉर्मल होती.

बाई रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, वाळवी म्हणालास तेव्हाच मी तुझ्या घरी येऊन पाहायला हवं होतं. मग म्हणाल्या, नऊ घरी मी येते, पण बोलायचं तू. ते झाल्यावर पुन्हा या ऑफिसात यायचं नाही.

पहिलं घर उमाजीमामाचं. तो ओसरीवर जाळं विणत बसला होता. वहिनी आत चुलीपाशी होती, दारातून दिसत होती. मी उभ्यानंच सगळं सांगितलं, रिकाम्या खान्यासकट, रजिस्टर लपवल्यासकट. त्यानं विणणं थांबवलं नाही. माझं संपल्यावर त्यानं हातातली गाठ ओढून घट्ट केली. मग त्यानं विचारलं, "आणखी किती लोकायचं असं झालं?"

मी आठ म्हणालो.

"मंग इथी काऊन थांबून राह्यले? त्यायच्याकडे जा."

तो एवढंच बोलला. शिवी दिली असती तर पायऱ्या उतरणं सोपं गेलं असतं. बाईंनी पुढच्या घराचं कार्ड काढून माझ्या हातात दिलं.

त्याच गावात रीता आहे. यादीत तिचं नाव वहिनीच्या बरोबर वर होतं. वहिनीचा एएस तिच्या नावासमोर गेला. तिचं रक्त पहिल्यापासून स्वच्छ, आणि चार वर्षं पिवळं कार्ड. दोन ठिकाणची बोलणी त्या कार्डावरून मोडली. दुसऱ्या वेळी साखरपुड्याचा दिवस ठरला होता. आम्ही नवं पांढरं कार्ड पुढे केलं तेव्हा तिच्या आईनं ते घेतलं नाही. म्हणाली, "आंधीचंबी तुमीच देलं होतं." रीता मागं उभी होती. कार्ड शेवटी बाईंनी तुळशीजवळ ठेवलं आणि आम्ही निघालो.

पांढरं कार्ड मिळालेल्या बाकी चार वाहकांपैकी एकाचं लग्न झालं आहे. बायको गरोदर आहे, तिचं रक्त घेतलं, ते नॉर्मल निघालं. ते कळेपर्यंतचे तीन दिवस मला अन्न गेलं नाही. एकाचं लग्न व्हायचं आहे. दोघं भाऊ आंध्रात मिरची तोडायला गेले ते दोन वर्षांपासून तिकडेच आहेत, पत्ता कोणाला माहीत नाही. तिकडे त्यांनी लग्नं केली असतील तर आमची पांढरी कार्डं दाखवूनच केली असतील. बाईंनी त्या भागातल्या दवाखान्यांना पत्रं टाकली आहेत. उत्तर नाही.

हे पत्र मी माझ्या मनानं लिहिलेलं नाही, तेही सांगतो. मी स्वतः चंद्रपूरला येऊन तुला तोंडी सांगणार होतो. गेल्या आठवड्यात वहिनीला तसं सांगायला गेलो. ती म्हणाली, "बोलू नका, भाऊजी. लिहून द्या. बोललेलं लोकं बदलवते." मी विचारलं, मिथुनभाऊला आणखी काही सांगायचं आहे का. तिनं दिव्यानीला मांडीवर घेतलं, तिचे पंजे हातात धरून चोळत बसली. मग म्हणाली, "त्यायले म्हणा, न्यायले येऊ नका. बैठक बसली होती तिथी आंधी हे वाचा. मंग मी काय करतो ते माझं मी पाहीन."

म्हणून सोबत तीन कागद जोडले आहेत. रजिस्टरच्या पानाची झेरॉक्स, मशीनमधल्या चुकीच्या यादीची प्रत, आणि डॉक्टरबाईंच्या सही-शिक्क्याचं पत्र, ज्यात उमाजीमामाचा आणि वहिनीचा यात काही दोष नाही असं स्पष्ट लिहिलं आहे. पंचवीस तारखेला रविवार आहे. त्या दिवशी पारावर बैठक बोलवा, असं मी समाजाच्या अध्यक्षांना सांगून ठेवलं आहे. कशासाठी ते सांगितलेलं नाही. तू ये आणि हे पत्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाच. माझ्या आईचा निरोप आणि लाखोळी सोडलीस तरी चालेल, बाकी काही सोडू नको. तू आला नाहीस तर मी वाचेन. पण माझ्या तोंडून त्याला किती किंमत येईल ते तुला समजतं.

आत्याला मी अजून सांगितलेलं नाही. शुक्रवारी तिच्याकडे गेलो होतो तो त्यासाठीच. तिनं मला झिंग्यांची पुडी बांधून दिली, तू काऊन असा वाळला म्हणाली, आणि मी पुडी घेऊन परत आलो. तिनं सुनेला जे म्हटलं ते माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवून म्हटलं. तिच्यावर रागवू नको. तुझ्यावरही वहिनीचा राग किती आहे, आहे की नाही, ते मला सांगता येणार नाही. मी विचारायची हिंमत केली नाही.

दिव्यानी आता भिंत धरून चालते. थंडीत तिला जपावं लागतं, ताप आला की थांबून चालत नाही, लगेच दवाखाना. हा आजार जाणारा नाही, हे तुला डॉक्टरांनी सांगितलंच आहे. पत्र लिहून, बैठक बोलावून त्यात काही फरक पडत नाही, हे मला माहीत आहे. तू त्या दिवशी विचारायला आला होतास ते याचसाठी, आणि मला दोन पावलं उठायचं होतं.

माफी मागत नाही. मागितली तर तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि तुझ्यावर आणखी एक ओझं मला टाकायचं नाही. मला भाऊ म्हणायचं की नाही हे तू पंचवीस तारखेनंतर ठरव. तोपर्यंत खाली नात्याचा शब्द लिहीत नाही, नुसतं नाव लिहितो.

प्रवीण